कला शाखेला दोन पडदे कशाला?

"कला शाखेला दोन-दोन मॉनिटर कशाला हवेत? तुम्हांला काय शेअर बाजाराचे चढउतार पाहायचे आहेत?" अभ्यासिकेच्या खरेदीविषयीच्या बैठकीत हा प्रश्न विचारला गेला, उपस्थितांत थोडा हशा पिकला आणि आमच्या इतिहास विभागाचा अर्ज त्या हशातच बाजूला पडला. विद्यार्थी-प्रतिनिधी म्हणून मी त्या बैठकीला हजर होते. परंतु खरा घाव बसला तो पुढच्या प्रश्नाचा. "मागे तुमच्या विभागाने एक डॉकिंग स्टेशन घेतले होते ना? ते कपाटात पडून आहे म्हणतात. त्याचे आधी सांगा." यावर सरही गप्प राहिले आणि मीही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ होते, ते आम्ही दिले नाही. दुसऱ्याचे उत्तर आमच्याजवळ नव्हतेच. त्यानंतरचे काही दिवस मी ही दोन्ही उत्तरे शोधण्यात घालविले. ती वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डॉकिंग स्टेशन हा शब्द ज्यांना परका वाटत असेल त्यांनी मुंबईची गोदी आठवावी. डॉक म्हणजे गोदी. जहाज गोदीला लागले की तेथेच त्याचा माल उतरतो, तेथेच ते पाणी आणि इंधन घेते, आणि काम संपले की दोर सोडून निघून जाते. लॅपटॉपचेही तसेच. टेबलावर एक लहानशी पेटी असते. मॉनिटर, कळफलक, माऊस, छपाईयंत्र यांच्या सर्व वायरी कायमच्या तिला जोडलेल्या असतात. आपण यायचे, एकच केबल लॅपटॉपला लावायची, की चित्र बाहेरच्या मॉनिटरवर जाते आणि त्याच केबलमधून लॅपटॉपला वीजही मिळते. जाताना ती एक केबल काढली की झाले. १९९२ साली ॲपल कंपनीने काढलेल्या ड्युओ डॉकमध्ये तर अख्खा लॅपटॉपच, व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवावी तसा, आत सरकवीत असत. आजची पेटी तळहातावर मावते, पण कल्पना तीच आहे.

आता पहिला प्रश्न. दोन पडदे कशाला?

माझ्या एका वर्गमैत्रिणीचे उदाहरण देते. तिचा प्रबंध मोडी कागदपत्रांवर आहे. तिच्यासमोर एकाच वेळी तीन गोष्टी लागतात: मूळ कागदाचे छायाचित्र, तिचे स्वतःचे देवनागरी लिप्यंतर, आणि अडलेल्या शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संगणकीय संग्रहात कोणालाही पाहता येतो. तिचा लॅपटॉप जुना, पडदा लहान. छायाचित्र वाचता येईल इतके मोठे केले की लिप्यंतराला जागा उरत नाही. दोन्ही शेजारी ठेवली की मोडीची अक्षरे मुंग्यांएवढी होतात. मग ती काय करीत असे? छायाचित्रातील चार ओळी डोळ्यांत साठवायच्या, खिडकी बदलायची, आठवतील तेवढ्या टंकायच्या, पुन्हा खिडकी बदलून ताडून पाहायचे. शेवटी कंटाळून तिने छायाचित्रावरून वहीत पेन्सिलीने मोडीतच नक्कल उतरवून घ्यायला आणि वहीवरून संगणकात भरायला सुरुवात केली. म्हणजे एक नक्कल जास्त झाली. आणि नक्कल जितकी जास्त तितके प्रमाद जास्त, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावयास नको.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. आपल्या अभ्यासाचा गाभाच तुलना हा आहे. मराठीचा विद्यार्थी दोन आवृत्त्यांतील पाठ ताडतो, इतिहासाचा विद्यार्थी बखर आणि पत्र समोरासमोर ठेवतो, भाषांतर करणारा मूळ आणि मसुदा एकाच नजरेत धरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. त्या कामात हस्तलिखिते ताडण्यासाठी आखीव ताव वापरीत. वरच्या ओळीत एक पाठ अक्षराअक्षराने मांडायचा आणि त्याच्या खाली एकेका हस्तलिखितातला फरक त्या त्या अक्षराखाली नोंदवायचा. त्या तावामागची गरज हीच होती की जे ताडायचे ते सर्व एका नजरेत यावे, स्मरणशक्तीवर विसंबावे लागू नये. दोन मॉनिटर म्हणजे दुसरे काय? तोच आखीव ताव विजेवर चालणारा झाला, इतकेच. शेअर बाजाराच्या दलालाला आकडे पाहण्यासाठी चार पडदे लागतात हे ज्यांना सहज पटते, त्यांना पाठ ताडणाऱ्याला दोन लागतात हे का पटू नये?

शिवाय ही चूष काही आजची नाही. ॲपलच्या मॅकिंटॉश टू या १९८७ सालच्या संगणकाला एकाहून अधिक मॉनिटर जोडता येत होते. विंडोज ९८ ने १९९८ साली सर्वसामान्यांच्या संगणकावर नऊ मॉनिटरांपर्यंतची सोय करून दिली. फरक एवढाच पडला की तेव्हा टेबलावरच्या संगणकात जादा कार्ड बसवून हे करता येई, आणि आज आपण सारे लॅपटॉपवर आलो आहोत. लॅपटॉप उघडून त्यात कार्ड कोण बसविणार? म्हणून हे डॉक.

येथवर आमची बाजू भक्कम आहे. आता तो दुसरा, अवघड प्रश्न. कपाटातल्या पेटीचे काय?

मी सरांच्या परवानगीने ती पेटी बाहेर काढली. पेटी नवीच्या नवी होती. हकिकत अशी की दोन वर्षांपूर्वी विभागाच्या निधीतून ती घेतली, सरांच्या लॅपटॉपला लावली, दोन मॉनिटर जोडले, आणि पडद्यांवर काहीही उमटले नाही. गंमत म्हणजे माऊस चालत होता, पेन ड्राइव्ह उघडत होता, लॅपटॉप चार्ज होत होता. फक्त चित्र नव्हते. दुकानदार म्हणाला, "सर, दोष तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे." लॅपटॉप विकणारा म्हणाला, "दोष पेटीत आहे." नंतर एका मॅडमच्या लॅपटॉपला लावून पाहिली, तर दोन्ही मॉनिटरवर एकच चित्र, जुळ्या भावंडांसारखे. त्यानंतर पेटी कपाटात गेली ती गेलीच, आणि "डॉक खराब आहे" असा निर्णय कायम झाला.

मी तीच पेटी माझ्या लॅपटॉपला लावली. पहिल्यांदा काहीच झाले नाही. आमचे शिपाईमामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "ताई, ही केबल त्या खोक्यातली नव्हे. ही कुणाच्या तरी मोबाइलच्या चार्जरची आहे. खोक्यातली जाड होती." शोधाशोध केल्यावर ती जाड केबल दुसऱ्याच खणात सापडली. ती लावली, आणि दोन्ही मॉनिटर उजळले, दोन्हींवर वेगवेगळी खिडकी! मी तरी टाळी वाजविली. मामा म्हणाले, "मग दोन वर्षे हिला उगाच कोंडून ठेवली म्हणायची."

एकच पेटी, तीन लॅपटॉप, तीन निकाल. तेव्हा दोष पेटीचा नव्हता. लॅपटॉपांचाही नव्हता. दोष आमच्या समजुतीचा होता. ती समजूत अशी की ज्या अर्थी पिन बसते, त्या अर्थी काम व्हायलाच हवे.

या समजुतीचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. आज बहुतेक लॅपटॉपांवर आणि मोबाइलांवर जी लहान, लंबगोल, उलटसुलट कशीही बसणारी पिन आहे तिला टाइप-सी म्हणतात. तिचे मानक २०१४ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात २४ संपर्कबिंदू आहेत. परंतु टाइप-सी हे केवळ आकाराचे नाव आहे, कार्यशक्तीचे नव्हे. त्या आकाराच्या एका पोर्टमधून फक्त वीज आणि साधी माहिती जात असेल, दुसऱ्यातून त्याबरोबर चित्रही जात असेल, तिसरे थंडरबोल्ट या अतिवेगवान जातीचे असेल. बाहेरून तिन्ही सारखीच. सरांच्या लॅपटॉपचे पोर्ट पहिल्या प्रकारचे होते, म्हणून माऊस चालला आणि चित्र आले नाही. माझे दुसऱ्या प्रकारचे होते. केबलचेही तेच. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या पुष्कळ केबली दोन्ही टोकांना टाइप-सी असूनही वीज आणि संथ माहिती एवढेच वाहून नेतात. चित्र वाहून नेणाऱ्या तारा त्यांच्यात घातलेल्याच नसतात. आणि मॅडमच्या जुळ्या चित्रांचे कारण तर हसू येण्यासारखे निघाले. विंडोज आणि पी या दोन कळा एकत्र दाबल्या की चार पर्याय समोर येतात: फक्त लॅपटॉपचा पडदा, तेच चित्र सर्व पडद्यांवर, पडदा वाढवून घेणे, आणि फक्त बाहेरचा पडदा. मॅडमचा लॅपटॉप दुसऱ्या पर्यायावर होता. तिसरा निवडला असता तर ती पेटी त्याच दिवशी कामाला लागली असती.

मोडी ज्यांनी थोडी तरी वाचली आहे त्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. इकार एकच, उकार एकच. कोणता शब्द अभिप्रेत आहे ते अक्षराच्या रूपावरून नव्हे, तर संदर्भावरून ठरवावे लागते. रूपावर विसंबू नका, संदर्भ पाहा, हेच तर आम्हांला पहिल्या वर्षापासून शिकविले जाते. मग तेच आम्ही बाजारात वस्तू घेताना नेमके कसे विसरलो? माझे स्पष्ट मत असे आहे की आमचा अर्ज हशात वाहून गेला याला हसणारे जितके जबाबदार आहेत, तितकेच आम्हीही आहोत. "आम्ही कलेचे विद्यार्थी, आम्हांला यातले काही कळत नाही" हे वाक्य आपण नम्रतेने उच्चारतो, पण त्यात एक सुप्त अहंकारही असतो. जणू यंत्राचे माहितीपत्रक वाचणे हे आपल्या दर्जाला शोभणारे काम नव्हे! वास्तविक माहितीपत्रक हाही एक दस्तऐवजच आहे. तो कोणी लिहिला, कोणत्या हेतूने लिहिला, त्यात काय सांगितले आणि काय गाळले, हे पाहण्याचे शिक्षण आपल्याइतके कोणाला मिळते?

म्हणून मी ती माहितीपत्रके वाचली. त्यांतून जे हाती लागले ते थोडक्यात सांगते.

एका लॅपटॉपवरून दोन-तीन मॉनिटर चालविण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की लॅपटॉपचे चित्रयंत्र एकाच केबलमधून अनेक चित्रांचे प्रवाह पाठविते आणि डॉक ते वेगळे करून ज्याचे त्याला देते. डिस्प्लेपोर्ट या चित्रवाहक मानकाच्या १.२ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, ही सोय आहे. तिला संक्षेपाने एमएसटी म्हणतात. दुसरा मार्ग थंडरबोल्टचा. तो रुंद हमरस्ता आहे. २०१५ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून तो टाइप-सीच्याच आकारात आला आणि त्याचा वेग सेकंदाला ४० गिगाबिट झाला. २०२० च्या चौथ्या आवृत्तीत तर दोन फोर-के मॉनिटर चालविण्याची क्षमता ही किमान अट म्हणून घातली गेली. पण थंडरबोल्टचे डॉक महाग असते, बऱ्याचदा साध्या मॉनिटरहूनही महाग. तिसरा मार्ग डिस्प्लेलिंक नावाचा. त्यात लॅपटॉपमधील एक आज्ञावली पडद्यावरचे चित्र आवळून साध्या माहितीच्या रूपात पाठविते आणि डॉकमधली चिप ते पुन्हा उलगडते. यासाठी पोर्ट चित्र वाहणारे असण्याची गरज नाही. जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टवरही ते चालते. मात्र आज्ञावली आधी बसवावी लागते आणि लॅपटॉपच्या प्रोसेसरवर थोडा भार पडतो.

या मार्गांत डावेउजवे का करावे लागते, ते थोड्या हिशोबाने कळते. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी २४ बिट्स, आणि सारे चित्र सेकंदाला ६० वेळा. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट होतात. फोर-के मॉनिटरचे बिंदू याच्या चौपट, म्हणजे सुमारे १२ गिगाबिट. आता टाइप-सी केबलमध्ये वेगवान मार्गिका चार असतात. डॉक जर माऊस, पेन ड्राइव्ह वगैरेंसाठी त्यांतल्या दोन अडवीत असेल तर चित्रासाठी दोनच उरतात, आणि डिस्प्लेपोर्टच्या १.२ आवृत्तीनुसार त्या दोहोंतून सुमारे साडेआठ गिगाबिट जातात. दोन फुल एचडी मॉनिटर त्यात मावतात. फोर-के मॉनिटर मात्र एकसुद्धा धडपणे मावत नाही. मग त्याचे चित्र सेकंदाला ६० ऐवजी ३० वेळा येऊ लागते, आणि माऊसचा बाण अडखळत चालतो. लोक म्हणतात, "मॉनिटर बिघडला." मॉनिटर बिघडलेला नसतो. रस्ता अरुंद असतो. नंतरच्या १.४ आवृत्तीने २०१६ साली हा रस्ता बराच रुंद केला, पण त्यासाठी लॅपटॉप आणि डॉक दोन्ही त्या आवृत्तीचे असावे लागतात.

आणखी एक गोष्ट अशी की डॉक कितीही चांगले असले तरी लॅपटॉपच्या चित्रयंत्राची मर्यादा ते ओलांडू शकत नाही. ॲपलचे २०२० साली आलेले एम-१ चिपचे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालविते. २०२२ च्या एम-२ एअरचीही तीच मर्यादा. २०२४ च्या एम-३ एअरवर दोन चालतात, पण लॅपटॉपचे झाकण मिटून. झाकण उघडे ठेवून दोन चालविण्याची सोय २०२५ च्या एम-४ एअरमध्ये आली. शिवाय मॅकवर एमएसटीच्या डॉकमधून दोन वेगवेगळी चित्रे मिळत नाहीत, दोन्ही मॉनिटरवर एकच दिसते. हे सारे जाहीर आहे, लपविलेले नाही. पण दुकानात पिन बसवून पाहणाऱ्याला ते कसे कळावे?

येथे मला निर्मात्यांविरुद्धही चार शब्द बोलायचे आहेत. आकार एक करावा हे धोरण चांगलेच आहे. युरोपीय संघाने तर कायदा करून मोबाइल फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून टाइप-सी सक्तीचे केले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरविली. घरोघरी साठणारा चार्जरांचा कचरा कमी व्हावा हा त्यामागचा हेतू कोणालाही पटेल. परंतु त्या कायद्याचा रोख चार्जिंगवर आहे. चित्र जाईल की नाही, हे त्याने ठरत नाही. आकार एक केला, पण शक्ती वेगवेगळी ठेवली, आणि ती शक्ती पोर्टाशेजारी लिहिण्याची तसदी मात्र पुष्कळांनी घेतली नाही. काही लॅपटॉपांवर डिस्प्लेपोर्टचे किंवा थंडरबोल्टच्या विजेचे चिन्ह असते, पुष्कळांवर काहीच नसते. नावांचा घोळ तर विचारूच नका. सेकंदाला ५ गिगाबिट एवढ्या एकाच वेगाला २००८ साली यूएसबी ३.० म्हणत, मग यूएसबी ३.१ जेन १ म्हणू लागले, मग यूएसबी ३.२ जेन १. वस्तू तीच, बारसे तीनदा! अखेर २०२२ साली मानक ठरविणाऱ्या संस्थेलाच सरळ वेगाचा आकडा छापण्याची शिफारस करावी लागली. औषधाच्या बाटलीवर मात्रा छापलेली नसेल तर आपण ती घेत नाही. मग हजारो रुपयांच्या वस्तूवर ती काय करू शकते ते स्पष्ट छापलेले असावे, ही मागणी अवाजवी कशी म्हणता येईल?

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला असा की दोन पडदे म्हणजे दुप्पट चित्तविक्षेप. एका पडद्यावर निबंध आणि दुसऱ्यावर क्रिकेट. हे होणार नाही असे मी म्हणत नाही. पण ज्याला सामना पाहायचा आहे तो एका पडद्यावर खिडकी बदलूनही पाहतोच. एखाद्याने पुस्तकात कादंबरी लपवून वाचली म्हणून वाचनालय बंद करीत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या महाविद्यालयात कित्येक विद्यार्थ्यांकडे धड लॅपटॉप नाही, तेथे डॉकचे लाड कशाला? या प्रश्नाने मला खरोखरच अस्वस्थ केले, आणि त्यानेच माझे मतही बदलले.

आमच्या अर्जात आम्ही थंडरबोल्टची दोन डॉक मागितली होती. सर्वांत चांगले तेच असे कोणीतरी सांगितले म्हणून. पण ती कोणाच्या उपयोगी पडली असती? ज्यांच्याकडे नवे, महागडे लॅपटॉप आहेत त्यांच्या. माझ्या त्या मोडीवाल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपला टाइप-सी पोर्टच नाही. म्हणजे जिच्या नावाने आम्ही अर्ज केला, तिलाच त्यातून काही मिळाले नसते! तिच्या लॅपटॉपला एचडीएमआयचे जुने पोर्ट मात्र आहे. विभागातला एक मॉनिटर आणि काहीशे रुपयांची एचडीएमआय केबल, एवढ्यावर तिचे काम झाले. डावीकडे लॅपटॉपच्या पडद्यावर तिचे लिप्यंतर, उजवीकडे मॉनिटरवर मोडीचे पान, डोळ्यांना सुखावेल एवढे मोठे. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा हाही एक पडदाच आहे, हे आम्ही विसरलो होतो. दोन पडद्यांसाठी बहुतेकांना डॉकची गरजच नसते. डॉक लागते ते बाहेर दोन मॉनिटर हवे असतील तेव्हा, किंवा एकाच टेबलावर दिवसभरात अनेकांनी आपापले लॅपटॉप आणून लावायचे असतील तेव्हा.

आणि सामायिक टेबलाचा विचार केला की डिस्प्लेलिंकचे डॉक, ज्याला जाणकार दुय्यम समजतात, तेच आमच्या अभ्यासिकेला अधिक योग्य ठरते. चलच्चित्रासाठी ते कमी पडेल, पण आम्हांला पाने वाचायची आहेत. स्थिर मजकुराला ते पुरेसे आहे. नवा असो वा जुना, विंडोज असो वा मॅक, जवळजवळ कोणताही लॅपटॉप तेथे लागू शकतो. फक्त आज्ञावली बसवून घ्यावी लागेल, आणि मॅकवर पडदा चित्रित करण्याची परवानगी द्यावी लागेल. ग्रंथपालांच्या टेबलाशी त्याच्या पायऱ्या लिहिलेला एक कागद चिकटविला की काम भागते. बंदरात मोठ्या आगबोटीसाठी धक्का बांधताना होडक्यांनाही लागता यावे हे पाहिले पाहिजे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या गोदीचा तर हा पहिला धर्म होय.

तेव्हा पुढच्या वेळी कोटेशन मागविण्यापूर्वी आम्ही पाच प्रश्न लिहून देणार आहोत. लॅपटॉपच्या पोर्टमधून चित्र जाते का? तो लॅपटॉप बाहेरचे किती मॉनिटर चालवितो? डॉक तीन मार्गांपैकी कोणता मार्ग वापरते? दोन्ही मॉनिटर एकाच वेळी लावले असता प्रत्येकावर किती बिंदूंचे चित्र सेकंदाला किती वेळा मिळते? आणि डॉक स्वतःसाठी वीज ठेवून लॅपटॉपला किती वॅट देते? विकणाऱ्याने या पाचांची उत्तरे लेखी द्यावीत. जो देणार नाही त्याची वस्तू घेऊ नये. हे पाच प्रश्न आम्ही दोन वर्षांपूर्वी विचारले असते, तर एक चांगली वस्तू कपाटात कोंडली गेली नसती, आणि बैठकीत मान खाली घालण्याची वेळ आली नसती.

आज परिस्थिती अशी आहे की कपाटातली पेटी विभागाच्या टेबलावर आली आहे. तिच्या जाड केबलला मामांनी लाल दोरा बांधून ठेवला आहे, म्हणजे चार्जरच्या केबलीत ती पुन्हा हरवायची नाही. सरांच्या लॅपटॉपवर ती आजही चालत नाही, आणि चालणारही नाही. पण का चालत नाही ते आता सरांना ठाऊक आहे, आणि ते स्वतःच इतरांना समजावून सांगतात. अभ्यासिकेचा अर्ज मात्र अजून पडूनच आहे. तो आम्ही नव्याने लिहीत आहोत. थंडरबोल्टची दोन डॉक खोडून त्या जागी चार साधे मॉनिटर, चार एचडीएमआय केबली आणि सर्वांना चालणारे एक डॉक अशी मागणी केली आहे.

त्या बैठकीत पुन्हा कोणी विचारले, "कला शाखेला दोन पडदे कशाला?", तर या वेळी मी गप्प राहणार नाही. एकावर पुरावा ठेवायला आणि दुसऱ्यावर त्याविषयीचे आपले म्हणणे लिहायला, असे सांगेन. आणि "कपाटातल्या पेटीचे काय झाले?" असे विचारले, तर त्याचेही उत्तर आहे. ती चूक आमची होती, ती आम्ही शोधली आणि सुधारली. अर्ज मंजूर होवो वा न होवो, एवढे तरी आम्हांला ताठ मानेने सांगता येईल.